तीनशेचार की दोनशेदोन? भांड्यांच्या स्टीलविषयी वाचकांचे प्रश्न

लग्नसराई जवळ आली की आमच्याकडे भांड्यांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी बहुतेक पत्रांचा विषय स्टीलच्या ग्रेडचा होता. त्यांतील सात प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे देणाऱ्याची नोकरीची बरीच वर्षे धातूंच्या तपासणीत गेली आहेत आणि भांडी घासण्याची निवृत्तीनंतर. दोन्ही अनुभव उपयोगी पडले.

प्रश्न: पुढच्या महिन्यात मुलीचे लग्न आहे आणि तिच्या नव्या संसारासाठी भांडी घ्यायची आहेत. एक दुकानदार म्हणतो, 'सगळे ३०४ घ्या, २०२ ला हात लावू नका.' दुसरा म्हणतो, 'घरोघरी २०२ च आहे, उगाच पैसे घालवू नका.' हे आकडे नेमके कशाचे, आणि आम्ही काय घ्यावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: दोन्ही दुकानदारांनी आपापल्या फळीवरचा माल पाहून उत्तर दिले आहे, असे दिसते. हे आकडे मिश्रधातूच्या घटकांचे आहेत. दर्जाचे गुण म्हणून ते कोणी दिलेले नाहीत. त्यामुळे ३०४ म्हणजे शंभरपैकी पास आणि २०२ म्हणजे नापास, असा त्यांचा अर्थ लावता येत नाही.

स्टेनलेस स्टील म्हणजे ज्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले आहे असे पोलाद. हे क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर एक अतिपातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार करते आणि तो थर आतल्या लोखंडाला गंजू देत नाही. आपल्या आजीच्या काळी पितळेच्या पातेल्याला कल्हईवाल्याकडून कल्हई लावून घ्यावी लागे, आणि ती उडाली की ताक किंवा चिंचेची आमटी कळकत असे. स्टील आपली कल्हई आपणच धरते. घासणीने ती खरवडली गेली तरी हवा लागताच पुन्हा धरते. १९१३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून प्रयोग करताना जे पोलाद तयार केले, त्यात सुमारे १३ टक्के क्रोमियम होते आणि निकेल नव्हते. ते सुऱ्यांना उत्तम ठरले. मात्र सपाट पत्रा साच्यात दाबून त्याचे खोल पातेले ओढायचे, तर पत्रा मऊ आणि ताणला जाणारा हवा, आणि तो गुण निकेलमुळे येतो. अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल हे प्रमाण १९२०च्या दशकात रूढ झाले. डब्यांच्या तळाशी '१८/८' असे जे छापलेले असते ते हेच, आणि आजच्या बोलीत त्यालाच ३०४ म्हणतात.

निकेल महाग आहे आणि आपल्या देशाला ते जवळजवळ सगळे बाहेरून आणावे लागते. म्हणून त्यातील बराच भाग काढून त्याऐवजी मँगनीज आणि थोडा नायट्रोजन घालण्याची युक्ती निघाली. तीच २०० ची मालिका. २०२ मध्ये क्रोमियम १७ ते १९ टक्के, निकेल ४ ते ६ टक्के आणि मँगनीज साडेसात ते दहा टक्के असते. क्रोमियमच्या बाबतीत कागदावर ते ३०४ च्या फार मागे नाही, हे लक्षात घ्यावे. अडचण पुढे आहे. २०१ मध्ये क्रोमियम एखाद्या टक्क्याने उतरते, आणि बाजारात 'जे-फोर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात तर निकेल जेमतेम एक टक्का व क्रोमियम पंधरा-सोळा टक्क्यांच्या आसपास असते. दुकानात मात्र ही सगळी मंडळी 'दोनशेची जात' या एकाच नावाखाली शेजारी शेजारी मांडलेली असतात आणि नवी असताना एकसारखीच चकाकतात.

आता खरेदीविषयी. भांड्यात काय, किती आंबट, किती खारट आणि किती वेळ राहणार, एवढा विचार करून ग्रेड ठरवावी. आमटीचे पातेले, कुकरमध्ये लावायची भांडी, दही विरजायची गंजी, पाण्याची कळशी, चटणी-कोशिंबिरीची भांडी आणि ज्या डब्यातून मुलगी रोज कामावर भाजी नेणार तो डबा, हे सगळे ३०४ चे घ्यावे आणि तेथे घासाघीस करू नये. ताटे, वाट्या, परात, डाळ-तांदळाचे व पिठाचे डबे चांगल्या २०२ चे असले तरी बिघडत नाही. कोरडा तांदूळ स्टीलचे काहीही वाकडे करू शकत नाही. यात जे पैसे वाचतील ते पातेल्यांच्या जाडीत घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दूध करपते ते तळ पातळ असल्यामुळे. ग्रेड बदलून करपणे थांबत नाही. जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. २२ गेज म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९ आणि १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर. ताटाला २२ गेज पुष्कळ झाले, पण रोजच्या पातेल्याला निदान २० गेज असावे. भांडी वजनावर मिळत असतील तर एकाच मापाची दोन पातेली काट्यावर ठेवून पाहावीत. दोघांतील जाड पत्रा कोणता हे काटाच सांगतो. ग्रेड मात्र काटा सांगू शकत नाही, कारण ३०४ आणि २०२ यांचे वजन जवळपास सारखेच भरते.

राहिला खात्रीचा प्रश्न. चिकटवलेल्या कागदी लेबलापेक्षा तळावर ठोकलेला शिक्का बरा, आणि शिक्क्यापेक्षा आयएसआय चिन्ह व त्यासोबतचा परवाना क्रमांक बरा. स्टीलच्या भांड्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १४७५६ हे मानक आहे आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टीलच्या व अॅल्युमिनियमच्या भांड्यांना हे चिन्ह सक्तीचे करणारा आदेश काढला. त्याखेरीज पक्क्या बिलावर '३०४' असा उल्लेख लिहून मागावा. 'लिहून कशाला, आमचा शब्द आहे ना' असे उत्तर मिळाले, तर शेजारच्या दुकानात जावे.

प्रश्न: स्टील अस्सल आहे की नाही हे पाहण्यासाठी आमच्या घरी लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत आहे. नव्या पातेल्याच्या तळाला चुंबक चिकटला नाही, पण काठाला किंचित चिकटला. दुकानदाराने फसवले का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: फसवले असेलही, पण चुंबकाने ते सिद्ध होत नाही. चुंबक फक्त ४३० सारख्या बिननिकेलच्या स्टीलला वेगळे काढतो. ३०४ आणि २०२ हे दोन्ही मुळात चुंबकाला न चिकटणारे आहेत. म्हणजे ज्या दोघांमध्ये फसवणूक होण्याचा संभव सर्वांत जास्त, नेमके त्याच दोघांमधला भेद ही पद्धत सांगत नाही. भांड्यांच्या गल्लीत गल्ल्याशेजारी दोरीला बांधलेला चुंबक लटकत असतो आणि दुकानदार मोठ्या तोऱ्यात तो भांड्यावर फिरवून दाखवतो. त्या प्रयोगातून एवढेच कळते की भांडे ४३० चे नाही.

काठाला चुंबक का चिकटला, याचे उत्तर भांडे घडवण्यात आहे. पत्रा थंड स्थितीत साच्यात दाबून ओढला की जेथे तो सर्वांत जास्त ताणला जातो तेथे, म्हणजे काठाशी आणि कोपऱ्यांत, धातूची आतील रचना थोडी बदलते आणि तेवढ्या भागात चुंबकीय गुण येतो. अगदी चोख ३०४ च्या पातेल्यातही असे घडते. उलट सपाट तळाला चुंबक घट्ट चिकटला, तर भांडे ४३० चे असेल किंवा इंडक्शनसाठी तळाला तसा थर दिलेला असेल. आणि ४३० म्हणजे काही टाकाऊ माल नव्हे. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम असते आणि चमचे, काटे, पळ्या यांच्यासाठी ते सर्रास वापरतात.

खात्रीच करायची असेल तर भंगाराचे मोठे व्यापारी आणि धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळा हातात धरायचे एक क्ष-किरण यंत्र वापरतात. ते भांड्याला टेकवले की काही सेकंदांत क्रोमियम, निकेल आणि मँगनीज यांचे टक्के पडद्यावर येतात आणि भांड्यावर ओरखडाही उठत नाही. एका वाटीसाठी ही यातायात करण्यात अर्थ नाही, पण मंगल कार्यालयासाठी किंवा खाणावळीसाठी घाऊक खरेदी करणाऱ्याने एक नमुना जरूर तपासून घ्यावा.

प्रश्न: कोकमाचे आगळ स्टीलच्या बरणीत भरून ठेवले होते. चार महिन्यांनी बरणी रिकामी केली तेव्हा तळाशी बारीक भोके आणि त्यांभोवती तपकिरी डाग दिसले. बरणी ३०४ ची म्हणून घेतली होती. सोबत छायाचित्र पाठवत आहे. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: छायाचित्र पाहिले. डाग तळाच्या वळणावर जास्त आहेत, प्रत्येक डाग टाचणीच्या डोक्याएवढा आहे आणि त्याच्या मधोमध काळा ठिपका आहे. बरणी खरोखरच ३०४ ची असली तरी हे होऊ शकते, त्यामुळे दुकानदाराशी भांडण्यापूर्वी पुढचे वाचावे.

आगळ म्हणजे कोकमाचा रस आणि भरपूर मीठ. आंबटपणा एकटा असता तर ३०४ ने तो सहज सोसला असता. खरा शत्रू मिठातील क्लोराइड आहे. ते त्या संरक्षक थरातील एखादी कमकुवत जागा शोधते आणि तेथे थर फुटतो. उघड्यावर असा फुटलेला थर लगेच भरून येतो, पण बरणीच्या तळाशी, साचलेल्या गाळाखाली, प्राणवायू पोहोचत नाही. खड्ड्याच्या आत पाणी अधिकाधिक आम्लधर्मी आणि अधिकाधिक खारट होत जाते, आणि खड्डा रुंद होण्याऐवजी खोल होतो. म्हणूनच वरून टाचणीच्या टोकाएवढे दिसणारे छिद्र कधी कधी आरपार निघते. माझ्याच घरी जाड मिठाचा स्टीलचा डबा होता. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटले आणि ते तळाच्या कडेला साचून राहिले. गणपतीच्या सुमारास डबा उचलला तेव्हा खालच्या फळीवर मिठाचे ओले वर्तुळ उमटले होते. डबा उजेडात धरला तर तीन ठिकाणी तारे दिसले. धातूंची परीक्षा करण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या स्वयंपाकघरात हे घडले, यावर घरातल्यांनी काय म्हणायचे ते म्हणून घेतले.

३१६ या ग्रेडमध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि त्यामुळे ते मिठाला ३०४ पेक्षा पुष्कळ जास्त टिकते. समुद्राशी संबंध येणाऱ्या कामांत ते वापरतात ते त्याचसाठी. तरीही आगळ, लोणचे, खारवलेल्या कैऱ्या किंवा खारवलेले मासे महिनोन्महिने ठेवण्यासाठी त्याचीही शिफारस मी करणार नाही. चिनी मातीची किंवा काचेची बरणी यापेक्षा स्वस्त आहे आणि तिला मिठाचे भय नाही. सोलकढी ३०४ च्या पातेल्यात करावी, दुपारच्या जेवणापुरती ठेवावी. त्याने काहीही होत नाही. याच कारणाने थंड पाण्यात मीठ टाकून पातेले गॅसवर चढवू नये, कारण न विरघळलेले खडे तळाशी बसून तेथे पांढरट खड्डे पाडतात. पाण्याला उकळी आल्यावर मीठ टाकून ढवळावे.

प्रश्न: तीन थरांची कढई घ्यायची आहे. एकीच्या आतला थर ३०४ चा आहे; दुसरीवर '३१६ सर्जिकल स्टील' असे लिहिले आहे आणि तिची किंमत जवळजवळ दुप्पट आहे. फरक पडतो का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: घरगुती भाजी-आमटीसाठी फरक पडतो तो पाकिटाला. भाजी कढईत अर्धा तास असते, नंतर कढई घासली जाते. एवढ्या वेळात मिठाला ३०४ चे काही बिघडवता येत नाही. 'सर्जिकल स्टील' हे कोणत्याही एका ग्रेडचे अधिकृत नाव नव्हे, आणि कढईत शस्त्रक्रिया करायची नसल्यामुळे त्या शब्दासाठी पैसे मोजू नयेत. 'फूड ग्रेड' या शब्दांचेही तसेच; आकडा लिहिलेला नसेल तर त्यातून मिश्रणाविषयी काही कळत नाही.

अशा कढईची खरी किंमत मधल्या थरात असते. स्टेनलेस स्टील उष्णता फार वाईट वाहून नेते. अॅल्युमिनियम त्याच्या सुमारे पंधरापट आणि तांबे सुमारे पंचवीसपट चांगले वाहते. त्यामुळे साध्या स्टीलच्या कढईत बर्नरच्या ज्वाळेवर जेवढे वर्तुळ तापते तेवढ्यातच कांदा जळतो आणि कडेचा कच्चा राहतो. तीन थरांत आतून ३०४, मध्ये अॅल्युमिनियम आणि बाहेरून बहुधा ४३० असते, म्हणजे इंडक्शनची शेगडी तिला ओळखते. दुकानात पाहावे ते हे, की अॅल्युमिनियमचा थर काठापर्यंत गेला आहे की फक्त तळाला चकतीसारखा जोडला आहे. पाणी उकळायला आणि भात लावायला चकतीचा तळ पुरतो. कढईच्या बाबतीत मात्र भिंतीही तापायला हव्यात, म्हणून तेथे काठापर्यंतचा थर घ्यावा.

पोहे चिकटतात अशी तक्रारही आपण केली आहे. कढई आधी मध्यम आचेवर तापवावी, पाण्याचा थेंब टाकून तो न फिसफिसता पाऱ्याच्या गोळीसारखा गडगडू लागला की मग तेल घालावे आणि आच उतरवावी. भाकरीसाठी मात्र लोखंडी तवाच ठेवावा; तीन थरांच्या तव्यावर भाकरी होते, पण ती खाणाऱ्याला कळते.

प्रश्न: मला खोट्या दागिन्यांनी अंगावर पुरळ येते आणि डॉक्टरांनी निकेलची अॅलर्जी असल्याचे सांगितले आहे. स्टीलची भांडी वापरणे बंद करावे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: हे डॉक्टरांनीच ठरवावे, भांड्यांविषयी जे सांगता येते ते येथे सांगतो. स्टीलमधून निकेल अत्यल्प प्रमाणात अन्नात उतरते. टोमॅटोसारखे आंबट पदार्थ तासन्‌तास शिजवले तर ते वाढते, आणि भांडे अगदी नवे असताना सर्वांत जास्त असते. पहिल्या काही वापरांनंतर ते बरेच खाली येते. बहुतेकांना याने काही होत नाही. ज्यांची अॅलर्जी तीव्र आहे त्यांनी आंबट पदार्थ मातीच्या, काचेच्या किंवा एनॅमलच्या भांड्यात शिजवावेत. ४३० मध्ये निकेल जवळजवळ नसते, म्हणून ताट-वाटी-चमच्यासाठी ते चालेल. दोनशेच्या मालिकेत निकेल कमी असते म्हणून ती घ्यावी, असा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये, कारण प्रश्न किती निकेल आहे याइतकाच ते किती सुटते याचाही असतो. शेंगदाणे, डाळी आणि काजू यांतही निसर्गतः निकेल असते, हेही डॉक्टरांशी बोलताना ध्यानात असू द्यावे.

प्रश्न: आईच्या लग्नातली, १९७४ सालची, नाव घातलेली स्टीलची भांडी अजून वापरात आहेत. मुले म्हणतात, ग्रेड माहीत नाही तर बोहारणीला देऊन टाका. (एक वाचक, सातारा)

उत्तर: देऊ नयेत. पन्नास वर्षांत ज्या भांड्याला खड्डा पडला नाही त्याची ग्रेड त्याने स्वतःच दाखवली आहे. भिंग असेल तर नावाच्या अक्षरांकडे पाहावे. यंत्राने ठिपके ठिपके मारून घातलेल्या त्या नावात प्रत्येक ठिपक्याशी वरचा थर फोडला गेला होता. ठिपके आजही स्वच्छ राखाडी दिसत असतील, तर तो थर तेथे पुन्हा धरला आणि टिकला. ठिपक्यांत तांबूस रंग उतरला असेल तर ते भांडे कोरड्या वस्तूंसाठी ठेवावे.

प्रश्न: नव्या ३०४ च्या पातेल्याच्या तळाला आतून इंद्रधनुष्यासारखे रंग आले आहेत, पांढरे डागही आहेत, आणि घासल्यावर दुसऱ्या दिवशी गंजाचे ठिपके दिसतात. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: ही तीन वेगवेगळी कारणे आहेत. रंग जास्त आचेमुळे येतात. तो संरक्षक थर जाड झाला की प्रकाशात असा दिसतो आणि त्याने अपाय होत नाही. पांढरे डाग कठीण पाण्यातील क्षारांचे आहेत. दोन्हींवर लिंबाची फोड किंवा चमचाभर व्हिनेगर चोळून कोमट पाण्याने धुवावे. गंजाचे ठिपके मात्र बहुधा भांड्याचे नसून घासणीचे आहेत: लोखंडी तारेच्या घासणीचे बारीक तुकडे पातेल्याला चिकटून राहतात आणि रात्रभर ओले राहिल्यावर तेच गंजतात. ती घासणी टाकून काथ्या किंवा स्टेनलेसची घासणी आणावी, ठिपके लिंबाने काढावेत आणि आठवडाभर पाहावे. त्यानंतरही त्याच जागी ठिपके परत आले, तर बिल घेऊन दुकानदाराकडे जावे.